एक जागा, एक विजेता : गोदाकाठच्या प्रतिनिधित्वाचा इतिहास

जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटी हे गाव गोदावरीच्या उत्तरेस, धुळे-सोलापूर महामार्गावरील वडीगोद्रीच्या शेजारी वसलेले असून, २९ ऑगस्ट २०२३ रोजी मनोज जरांगे यांनी मराठा आरक्षणाच्या मागणीसाठी तेथे सुरू केलेल्या उपोषणामुळे आणि १ सप्टेंबरला झालेल्या लाठीमारामुळे ते महाराष्ट्रभर परिचित झाले. त्या आंदोलनाकडे आजवर मुख्यतः आरक्षणाच्या अंगाने पाहिले गेले. परंतु १९५२ पासून आमदार आणि खासदार, तर १९६२ पासून जिल्हा परिषद सदस्यही निवडून देत आलेल्या या परिसराला आपले सर्वांत मोठे मागणे सभागृहाऐवजी उपोषणाच्या मंडपात का मांडावे लागले, हा प्रश्न प्रतिनिधित्वाच्या इतिहासात शिरल्याखेरीज सुटत नाही. लोकप्रतिनिधींची संख्या अपुरी आहे की त्यांना निवडण्याची पद्धत सदोष आहे, असा या प्रश्नाचा गाभा आहे, आणि गोदाकाठच्या या पट्ट्याने गेल्या शंभर वर्षांत संख्या आणि पद्धत या दोहोंमधील बदल अनुभवलेले आहेत.

हाच वाद अलीकडे वेल्समध्ये निकराला आला. ब्रिटिश संसदेने कायद्याने आपले काही अधिकार सोपवून जी प्रादेशिक विधिमंडळे निर्माण केली, त्यांपैकी वेल्सचे विधिमंडळ १९९९ मध्ये ६० सदस्यांनिशी सुरू झाले. २०२४ च्या कायद्याने ही संख्या ९६ करण्याचे ठरले आणि त्याच कायद्याने प्रत्येकी सहा सदस्यांचे सोळा मतदारसंघ करून पक्षांना मतांच्या प्रमाणात जागा देणारी यादी पद्धत स्वीकारली. सुमारे ३१ लाख लोकवस्तीच्या त्या प्रदेशात एका सदस्यामागे साधारण ३२ हजार माणसे येतात. जालना जिल्ह्याची २०११ च्या जनगणनेतील लोकसंख्या १९ लाख ५९ हजार असून त्याचे आमदार पाच आहेत, म्हणजे एका आमदारामागे ३ लाख ९२ हजार माणसे, वेल्सच्या बारापट. भारतीय घटकराज्यांची विधिमंडळे कोणी सोपवलेल्या अधिकारावर चालत नाहीत, त्यांचे अधिकार थेट राज्यघटनेतून येतात, हा भेद येथे लक्षात ठेवला पाहिजे. अंबडच्या इतिहासात वरून मिळालेल्या विधिमंडळाचा अनुभव आहे, पण तो त्याआधीचा, निजामी राजवटीतला आहे.

हैदराबाद संस्थानात कायदे करणारे मंडळ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून होते, तथापि त्यात रयतेचा प्रवेश जवळजवळ नव्हता. १९३७ मध्ये अरवमुदु अय्यंगार यांच्या अध्यक्षतेखाली सुधारणा समिती नेमण्यात आली आणि तिच्या शिफारशींवरून १९३९ मध्ये जाहीर झालेल्या योजनेत ८५ सदस्यांच्या विधानसभेचा आराखडा होता, ज्यात निम्म्याहून कमी जागा निवडणुकीने भरायच्या होत्या. या योजनेचे वैशिष्ट्य तिच्या मतदारसंघांत होते. ते गावांचे किंवा तालुक्यांचे नव्हते, हितसंबंधांचे होते : जहागीरदार, पट्टेदार, कुळे, मजूर, व्यापारी, वकील, वैद्यकीय व्यावसायिक, पदवीधर अशा वर्गांनी आपापले प्रतिनिधी द्यावेत आणि हिंदू व मुसलमान यांना समसमान जागा असाव्यात, अशी ती रचना होती. अंबडच्या शेतकऱ्याला त्यामुळे गावकरी म्हणून स्थान नव्हते. पट्टेदार किंवा कूळ म्हणून काय ते मिळणार होते. युद्धकाळात ही योजना रेंगाळली, १९४६ मध्ये सुधारित रूपात आणि वाढीव सदस्यसंख्येसह पुढे आली, आणि स्टेट काँग्रेसने तिच्यावर बहिष्कार घातला. सदस्य वाढले तरी जबाबदार राज्यपद्धती, म्हणजे लोकनियुक्त सभागृहाला उत्तरदायी असलेले मंत्रिमंडळ, मिळत नसल्याने ती वाढ कोणालाही समाधान देऊ शकली नाही.

सभागृहात जागा नव्हती तेव्हा या भागातील लोकांनी सभागृहाबाहेर व्यासपीठ उभे केले होते, ही गोष्ट अंतरवालीच्या संदर्भात विशेष अर्थपूर्ण आहे. हैदराबाद संस्थानातील मराठी भाषकांची महाराष्ट्र परिषद १९३७ मध्ये परतूर येथे गोविंदराव नानल यांच्या अध्यक्षतेखाली प्रथम भरली. परतूर तेव्हा परभणी जिल्ह्यात आणि अंबड औरंगाबाद जिल्ह्यात होते. १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा निर्माण झाला तेव्हा ही दोन्ही तालुक्याची ठिकाणे एका जिल्ह्यात आली. परिषदेच्या मागण्या नागरी स्वातंत्र्याच्या, मातृभाषेतील शिक्षणाच्या आणि उत्तरदायी शासनाच्या होत्या, आणि पुढील मुक्तिसंग्रामाचे अनेक कार्यकर्ते याच परिषदांतून घडले.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान भारतात सामील झाल्यानंतर आणि राज्यघटनेच्या अंमलानंतर १९५२ च्या प्रारंभी झालेली निवडणूक ही अंबड तालुक्यातील प्रौढ स्त्रीपुरुषांनी केलेले पहिले सार्वत्रिक मतदान होय. अक्षरओळख फार थोड्यांना असल्यामुळे प्रत्येक उमेदवाराची स्वतंत्र, चिन्ह लावलेली मतपेटी ठेवलेली असे आणि मतपत्रिका हव्या त्या पेटीत टाकली जाई. हैदराबाद विधानसभेच्या १७५ जागा १४२ मतदारसंघांत विभागलेल्या होत्या, कारण त्यांतील ३३ मतदारसंघ द्विसदस्य होते. द्विसदस्य मतदारसंघात मतदाराला दोन मते असत, ती दोन्ही एकाच उमेदवाराला देता येत नसत, आणि राखीव जागा असेल तेथे एक सर्वसाधारण व एक राखीव असे दोन प्रतिनिधी त्याच भूभागातून निवडून येत. एका प्रदेशाचे एकाहून अधिक प्रतिनिधी असू शकतात ही कल्पना मराठवाड्याला परकी नाही. येथील सार्वत्रिक मतदानाचा आरंभच तिच्यासह झाला. पहिल्या लोकसभेसाठी अंबड या नावाचा स्वतंत्र मतदारसंघही होता, ही गोष्ट आज तालुक्यातील फारच थोड्यांच्या स्मरणात असेल.

द्विसदस्य मतदारसंघ फार काळ टिकले नाहीत. १९५७ मध्ये आंध्र प्रदेशातील पार्वतीपुरम या द्विसदस्य मतदारसंघातून अनुसूचित जमातीचे दोन उमेदवार सर्वाधिक मतांनी निवडून आले, एक राखीव जागेवर व दुसरा सर्वसाधारण जागेवर, आणि व्ही. व्ही. गिरी पराभूत झाले. वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि न्यायालयाने तो निकाल वैध ठरवला. त्यानंतर १९६१ च्या कायद्याने द्विसदस्य मतदारसंघ रद्द झाले. मतदारसंघ आवाक्याबाहेर मोठे होतात, प्रचाराचा खर्च वाढतो, ही कारणेही त्यामागे होती आणि ती खोटी नव्हती. तरीही त्या कायद्याने एका जागेस एकच विजेता हे तत्त्व सर्वत्र लागू झाले, आणि हरलेल्या मतांना प्रतिनिधी देण्याची थोडीबहुत असलेली वाट बंद झाली.

दरम्यान १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाड्याचे पाच जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात आले. १९५१ च्या जनगणनेवरून ढोबळमानाने पाहता हैदराबाद राज्याच्या लोकसंख्येत मराठवाड्याचा वाटा पाव होता. मुंबई राज्यात तो दहाव्या हिश्श्यावर आला. १९५७ च्या मुंबई विधानसभेत ३९६ सदस्य होते, म्हणजे सभागृह दुपटीहून मोठे झाले आणि मराठवाड्याचे त्यातील वजन निम्म्याहून कमी झाले. प्रतिनिधित्व संख्येने मोजणाऱ्यांनी हा अनुभव विसरू नये. १ मे १९६० नंतर महाराष्ट्राच्या २६४ सदस्यांच्या विधानसभेत हा वाटा सुमारे १६ टक्क्यांवर स्थिरावला. सभागृह १९६७ मध्ये २७० आणि १९७८ मध्ये २८८ झाले तरी तो फारसा हलला नाही, कारण जागा लोकसंख्येच्या प्रमाणात वाटल्या जातात आणि सर्वांच्या जागा एकाच वेळी वाढतात. आज २८८ पैकी ४६ जागा मराठवाड्याच्या आहेत.

सहावा हिस्सा असलेला प्रदेश मतदानाने आपले म्हणणे मान्य करून घेऊ शकणार नाही, याची जाणीव मराठवाड्याच्या नेत्यांना विलीनीकरणापूर्वीच होती. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर कराराने शासकीय खर्च, उच्च शिक्षणाच्या सोयी आणि सरकारी नोकऱ्या यांत लोकसंख्येच्या प्रमाणात वाटा देण्याचे व मराठवाड्याच्या विकासाकडे विशेष लक्ष देण्याचे मान्य केले होते, तर १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने ३७१ व्या अनुच्छेदात विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांच्यासाठी विकास मंडळांची तरतूद केली. ही मंडळे प्रत्यक्षात आली १९९४ मध्ये. मधल्या काळात १९७४ चे विकास आंदोलन झाले, वसमत येथे गोळीबारात विद्यार्थी मारले गेले, गोविंदभाई श्रॉफ यांच्यासारख्या मुक्तिसंग्रामातील नेत्यांनी पुन्हा सभागृहाबाहेरून मागणी रेटली, आणि वि. म. दांडेकर समितीने १९८४ मध्ये अनुशेष, म्हणजे राज्याच्या सरासरीपर्यंत पोहोचण्यासाठी राहिलेली तूट, मोजून दाखवला : राज्याचा एकूण अनुशेष सुमारे ३,१८७ कोटी रुपये आणि त्यात मराठवाड्याचा सुमारे ७५१ कोटी. चाळीसहून अधिक आमदार सातत्याने सभागृहात असताना हा अनुशेष साचला, हे तथ्य संख्येच्या बाजूने बोलणाऱ्यांना अडचणीचे आहे. निवडून आलेला आमदार पक्षाच्या शिस्तीत मतदान करतो, आणि पक्षाचे बहुमत जेथे जागा अधिक तेथून येते. मराठवाड्याच्या जागा ४६ वरून ६० केल्या आणि राज्याच्याही त्याच प्रमाणात वाढवल्या, तर हे गणित तसूभर बदलत नाही. विकास मंडळांची मुदत एप्रिल २०२० मध्ये संपली, तेव्हा हाही एक मार्ग बंद झाला.

तरीसुद्धा संख्येचा प्रश्न खोटा नाही. १९५२ मध्ये हैदराबाद राज्यात एका आमदारामागे सुमारे १ लाख ७ हजार लोक होते. १९६२ मध्ये महाराष्ट्रात दीड लाख. १९७१ च्या जनगणनेनुसार पावणेदोन लाख. २०११ मध्ये ३ लाख ९० हजार. या वाढीचे कारण घटनात्मक आहे. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने, कुटुंबनियोजन यशस्वी करणाऱ्या राज्यांचे नुकसान होऊ नये म्हणून, जागांची संख्या १९७१ च्या जनगणनेवर गोठवली. २००१ च्या ८४ व्या दुरुस्तीने ही मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत वाढवली. शेजारच्या तेलंगणाला २०१४ च्या पुनर्रचना कायद्यात ११९ ऐवजी १५३ जागा करण्याचे वचन मिळाले होते; तेही याच कारणाने अडून राहिले. चार लाख माणसांच्या आमदाराला टंचाई, पीकविमा, कालव्याची पाळी आणि दवाखान्याची शिफारस यांतून कायद्याचे विधेयक वाचण्यास वेळ उरत नाही, ही तक्रार खरी आहे, आणि तिचा त्रास तालुक्याच्या टोकाच्या गावांना अधिक होतो.

गोठवलेल्या संख्येतही सीमा बदलता येत होत्या, आणि त्या बदलाचा परिणाम अंबडवर सर्वांत खोल झाला. २००३ च्या ८७ व्या दुरुस्तीने २००१ च्या जनगणनेवर मतदारसंघांची अंतर्गत पुनर्रचना करण्यास मुभा दिली, आणि न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या अध्यक्षतेखालील परिसीमन आयोगाचा, म्हणजे मतदारसंघांच्या हद्दी आखणाऱ्या आयोगाचा आदेश २००८ मध्ये लागू झाला. त्यात अंबड हा विधानसभा मतदारसंघ संपला. तालुक्याची महसूल मंडळे दोन ठिकाणी विभागली गेली : अंबड शहर आणि उत्तरेकडील मंडळे अनुसूचित जातींसाठी राखीव असलेल्या बदनापूरला जोडली गेली, तर गोदाकाठची मंडळे, ज्यांत अंतरवाली सराटीचा परिसर येतो, नव्या घनसावंगी मतदारसंघात गेली. पुढे बदनापूर जालना लोकसभा मतदारसंघात आणि घनसावंगी परभणी लोकसभा मतदारसंघात घालण्यात आल्याने, ज्या तालुक्याच्या नावाचा एकेकाळी लोकसभा मतदारसंघ होता, त्या तालुक्याचे ठिकाण आज एका खासदाराला मत देते आणि त्याची गोदाकाठची गावे दुसऱ्याला. तहसील अंबडला, जिल्हाधिकारी जालन्याला, आमदार घनसावंगीचा आणि खासदार परभणीचा, अशी या गावांची स्थिती आहे. लोकसंख्या समान वाटण्याचे गणित यात बरोबर असेल, पण जे प्रशासकीय एकक लोकांच्या रोजच्या व्यवहाराचे आहे ते मतदानाच्या दिवशी मोडले जाते, याची नोंद आयोगाच्या तक्त्यांत होत नाही.

खालच्या स्तरावर संख्येचा वाद तर प्रतिनिधित्वालाच मारक ठरला. १९६१ च्या कायद्याने १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि गट व गण, म्हणजे अनुक्रमे जिल्हा परिषदेचे व पंचायत समितीचे मतदारसंघ, हे ग्रामीण माणसाच्या सर्वांत जवळचे निवडणूक क्षेत्र बनले. २०२२ च्या आरंभी राज्य शासनाने जिल्हा परिषदेची सदस्यसंख्या किमान ५० व कमाल ७५ वरून ५५ ते ८५ केली; त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सत्तांतरानंतर नव्या शासनाने ती पुन्हा पूर्ववत केली; हा वाद आणि इतर मागास वर्गाच्या आरक्षणाचा वाद न्यायालयात एकत्र अडकले. मार्च २०२२ मध्ये मुदत संपलेल्या बहुतेक जिल्हा परिषदांचा कारभार प्रशासकांकडे गेला आणि सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घेण्याचा आदेश मे २०२५ मध्ये दिला. सदस्य पंचावन्न असावेत की पन्नास, याचा निर्णय होईपर्यंत तीन वर्षांहून अधिक काळ एकही सदस्य नव्हता. अंतरवालीचे उपोषण सुरू झाले तेव्हा जालना जिल्हा परिषदेत त्या गावचा प्रश्न मांडणारा कोणीही निर्वाचित सदस्य नव्हता, ही वस्तुस्थिती त्या आंदोलनाच्या वर्णनात क्वचितच येते.

आंदोलनाचा पुढील प्रवास निवडणूक पद्धतीच्या अभ्यासकाने बारकाईने पाहावा असा आहे. १४ ऑक्टोबर २०२३ ची विराट सभा, २० जानेवारी २०२४ रोजी मुंबईकडे निघालेली पदयात्रा आणि २० फेब्रुवारीच्या विशेष अधिवेशनात दहा टक्के आरक्षणाच्या विधेयकास मिळालेली एकमताची मंजुरी, हा क्रम सर्वश्रुत आहे. त्यानंतर मार्चमध्ये अंतरवालीतील बैठकीत लोकसभेच्या प्रत्येक मतदारसंघात मोठ्या संख्येने उमेदवार उभे करण्याची कल्पना चर्चिली गेली. मतदान यंत्राला उमेदवारांची कमाल मर्यादा असते, नव्या यंत्रांत ती ‘नोटा’ धरून ३८४ आहे, आणि ती ओलांडली की मतपत्रिकेवर यावे लागते. ही युक्ती नवी नव्हती : १९९६ मध्ये तमिळनाडूतील मोडकुरिची विधानसभा मतदारसंघात १,०३३ आणि नलगोंडा लोकसभा मतदारसंघात ४८० उमेदवार उभे होते, आणि नलगोंडा हा पूर्वीच्या निजामी मुलखाचाच भाग होय. उमेदवार होऊन निवडून येण्याऐवजी उमेदवारीने यंत्रणा थांबवावी असे एखाद्या समूहाला वाटते, तेव्हा त्या पद्धतीत आपल्या मतांचे जागांत रूपांतर होणार नाही असा त्याचा अनुभव असतो. ती कल्पना सोडून देण्यात आली. विधानसभेच्या वेळीही काही मतदारसंघांत लढण्याची तयारी झाली आणि ४ नोव्हेंबर २०२४ रोजी माघार घेण्यात आली.

याच काळात, जून २०२४ मध्ये, शेजारच्या वडीगोद्रीत लक्ष्मण हाके आणि नवनाथ वाघमारे यांनी इतर मागास वर्गाच्या आरक्षणात वाटेकरी नकोत या मागणीसाठी उपोषण केले. दोन गावे लगतची, तालुका एक, दोहोंची मागणी परस्परविरोधी, आणि दोहोंचा आमदार एकच. हा आमदार कितीही सज्जन व कर्तबगार असला तरी त्याला दोन्ही मंडपांचे म्हणणे सारख्याच निष्ठेने सभागृहात मांडणे शक्य नव्हते. एकाची बाजू घेतली की दुसरा पुढील निवडणुकीत विरोधात, म्हणून मौन हाच सोयीचा मार्ग उरतो. मतदारसंघ निम्म्या आकाराचा करून दोन आमदार दिले असते तरी दोन्ही ठिकाणी हीच कोंडी उभी राहिली असती, कारण या समूहांची वस्ती गावोगावी मिसळलेली आहे. केवळ संख्यावाढीने न सुटणारा प्रश्न तो हाच, आणि त्यामुळे संख्येपूर्वी पद्धतीचा विचार व्हावा हे मत येथे स्पष्टपणे नोंदवावेसे वाटते.

सर्वाधिक मते मिळवणारा विजयी, बाकीची मते निष्फळ, ही पद्धत राज्यभरात कसे निकाल देते ते नोव्हेंबर २०२४ मध्ये दिसले : राष्ट्रवादी काँग्रेसच्या शरद पवार गटाला ११.२८ टक्के मतांवर १० जागा आणि अजित पवार गटाला ९.०१ टक्के मतांवर ४१ जागा मिळाल्या. आज ज्यांना याचा लाभ झाला त्यांना उद्या तोटा होईल, म्हणून हा कोणत्याही एका पक्षाच्या तक्रारीचा विषय नाही.

पर्याय मराठी मुलखात वापरून पाहिलेला आहे. १९३५ च्या कायद्याखाली १९३७ मध्ये मुंबई प्रांतात झालेल्या निवडणुकीत बहुसदस्य मतदारसंघ होते आणि मतदाराला आपली सर्व मते एकाच उमेदवारावर टाकण्याची मोकळीक होती. या संचयी मतदानाचा उपयोग करून डॉ. आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने आपले बहुतेक उमेदवार निवडून आणले. विखुरलेल्या अल्पसंख्याला संघटित मताने सभागृहात पोहोचता येते, हे त्यातून सिद्ध झाले. घटना समितीत ४ जानेवारी १९४९ रोजी मध्य प्रांत व वऱ्हाडचे सदस्य काझी सय्यद करीमुद्दीन यांनी प्रमाणशीर प्रतिनिधित्वाची, म्हणजे मतांच्या प्रमाणात जागा देण्याची दुरुस्ती मांडली, तेव्हा मात्र डॉ. आंबेडकरांनी तिला विरोध केला. मतदार बहुसंख्येने निरक्षर आहेत आणि अशा पद्धतीने सभागृहाचे तुकडे होऊन शासन अस्थिर होईल, अशी त्यांची कारणे होती. पहिले कारण आज उरलेले नाही. दुसरे अजूनही वजनदार आहे, परंतु गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रात पक्ष फुटून शासने बदलली ती एकसदस्य मतदारसंघांतून निवडून आलेल्या सभागृहातच, तेव्हा स्थैर्याची हमी ही पद्धतही देऊ शकली नाही.

कायद्याच्या दृष्टीने येथे एक महत्त्वाचा भेद आहे. जागांची संख्या वाढवण्यास राज्यघटनेतील गोठवणूक आड येते. घटनेच्या १७० व्या अनुच्छेदाने मात्र विधानसभेचे सदस्य प्रादेशिक मतदारसंघांतून प्रत्यक्ष निवडणुकीने निवडावेत एवढेच सांगितले आहे, मतदारसंघ एकसदस्य असावा असे म्हटलेले नाही. ती अट संसदेच्या साध्या कायद्याने आली आणि तशीच साध्या कायद्याने जाऊ शकते. २०२७ ची जनगणना जातींची नोंद घेणार असून २०२३ च्या १०६ व्या घटनादुरुस्तीने स्त्रियांना एकतृतीयांश जागा नव्या परिसीमनानंतर मिळायच्या आहेत, म्हणजे हद्दी पुन्हा आखल्या जाणार हे निश्चित आहे. जालना जिल्ह्याच्या पाच जागांचा एकच मतदारसंघ करून मते प्रमाणशीर मोजली, तर एकषष्ठांशाहून थोडी अधिक मते मिळवणाऱ्यास एक जागा हमखास मिळते. अंतरवाली आणि वडीगोद्री या दोन्ही मंडपांतील माणसे तेवढ्या मतांची जुळवाजुळव जिल्हाभरातून करू शकतात, आणि अंबड तालुका, शहर व गोदाकाठ मिळून, २००८ नंतर प्रथमच एका मतदारसंघात मतदान करू शकतो.